सीए झाल्यावर एसीसीए : नऊ पेपर माफ, पण उरलेल्या चारांचं काय?

लेजरवाली
सीएचे निकाल लागले की ऑफिसातली नवी मुलं एकच प्रश्न घेऊन येतात, "ताई, एसीसीएचं एक्झेम्प्शन घेऊन टाकू का?" (एसीसीए ही ब्रिटनमधल्या संस्थेची अकाउंटन्सीची पात्रता, आणि एक्झेम्प्शन म्हणजे आधीच्या पात्रतेवर पेपर माफ होणं.) इथल्या जुन्या धाग्यांत उत्तरं तुकड्यातुकड्यांत विखुरली आहेत, म्हणून एका जागी लिहिते. मी पुण्यात एका ब्रिटिश कंपनीच्या फायनान्स सेंटरमध्ये ग्रुप रिपोर्टिंग बघते. आधी सीए झाले, मग नोकरीत असताना एसीसीए पूर्ण केलं.

एसीसीएचे एकूण १३ पेपर. तळाचे तीन अप्लाइड नॉलेज, मधले सहा अप्लाइड स्किल्स आणि वरचे चार स्ट्रॅटेजिक प्रोफेशनल. आयसीएआयची, म्हणजे आपल्या सीएच्या संस्थेची, फायनल पास झालेल्याला तळाचे आणि मधले मिळून नऊ माफ होतात. वरच्या चारांतला एकही माफ होत नाही, कुठलीही डिग्री असो. त्यांतले एसबीएल (बिझनेस लीडर) आणि एसबीआर (बिझनेस रिपोर्टिंग) सक्तीचे; एएफएम (वित्त व्यवस्थापन), एपीएम (कामगिरी व्यवस्थापन), एटीएक्स (कर) आणि एएए (ऑडिट) यांतले कोणतेही दोन निवडायचे. पास व्हायला ५० टक्के लागतात. परीक्षा मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर अशी वर्षातून चारदा होते. वरच्या पातळीवरचा पहिला पेपर सुटला की सात वर्षांचं घड्याळ सुरू होतं, त्यात चारही सोडवायचे.

हे सगळं जाहिरातीत असतं. जाहिरातीत नसतं ते असं, की माफी फुकट मिळत नाही. माफ झालेल्या प्रत्येक पेपरची फी पौंडात भरावी लागते. नऊ पेपरांची मिळून ती रुपयांत लाखाच्या घरात जाते. कधी ऑफर असते, कधी क्लासमार्फत सवलत मिळते, पण ती गृहीत धरून घरचं गणित मांडू नका. शिवाय वार्षिक सबस्क्रिप्शन १ जानेवारीला देय होतं. डिसेंबरात नोंदणी केलीत तर नोंदणीची फी भरून होते न होते तोच सबस्क्रिप्शन पुढ्यात येतं. घाई नसेल तर जानेवारी उजाडू द्या.

आणि दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. माफ झालेला पेपर अभ्यासक्रमातून जात नाही, तो वरच्या पेपरात गृहीत धरलेला असतो. एसबीआर तपासणारा तुम्हाला एफआर, म्हणजे मधल्या पातळीवरचं फायनान्शियल रिपोर्टिंग, येतं असं धरूनच चालतो. ज्यांना हे उमगतं ते चारही पेपर नोकरी सांभाळून काढतात. "नऊ माफ, म्हणजे काम झालं" असं मानणारी मुलं एसबीआरला अडकलेली मी जवळून पाहिली आहेत, आणि ती मुलं कमी हुशार नव्हती.

प्रश्न विचारा. मला येतं ते सांगते, बाकीच्यांनी भर घालावी.

चिपळूणचा_बाब्या
ताई, फार गरजेचा धागा. माझं सीए इंटर (मधली पातळी) दोन्ही ग्रुप, म्हणजे पेपरांचे दोन्ही संच, झालंय. फायनलचा पहिला ग्रुप राहिला, पण त्यात एफआरला ६८ पडले म्हणून आयसीएआयने त्या पेपरचं एक्झेम्प्शन दिलंय. ते दाखवून एसीसीएमध्ये एफआर माफ होईल का?

लेजरवाली
नाही होणार, बाब्या. ते एक्झेम्प्शन आयसीएआयच्या घरातलं, बाहेर चालत नाही. एसीसीए पूर्ण झालेली पात्रता बघते. इंटरचे दोन्ही ग्रुप झाले असतील तर त्या आधारावर काही पेपर माफ होतात. कोणते, ते एसीसीएच्या संकेतस्थळावरच्या एक्झेम्प्शन कॅल्क्युलेटरमध्ये तुझी योजना आणि पास झाल्याचं वर्ष टाकून बघ. फायनलचा एक ग्रुप किंवा एका पेपरातले चांगले मार्क यांनी त्यात वाढ होत नाही. फायनल पूर्ण झाली की मात्र थेट नऊ. ती हाताशी असेल तर सहा महिने थांबून नऊ माफ करून घेणं केव्हाही बरं.

तुझ्या ६८ बद्दल मात्र नीट बोलायला हवं, कारण त्यात निर्णय चुकला तर वर्ष जातं. एका ग्रुपचे सगळे पेपर दिले, ग्रुप गेला, पण एखाद्या पेपरात ६० किंवा जास्त पडले, तर तो पेपर पुढच्या लगतच्या तीन अटेम्प्टसाठी माफ राहतो आणि ते मार्क ग्रुपच्या बेरजेत धरले जातात. फायनलच्या नव्या योजनेत ग्रुपला तीन पेपर आहेत, म्हणजे बेरीज १५० हवी आणि प्रत्येकात किमान ४०. तुझे ६८ धरले तर उरलेल्या दोघांत मिळून ८२ लागतात. एकात ४० पडले तरी दुसऱ्यात ४२ ला काम होतं.

हे तीन अटेम्प्ट संपल्यावर, नव्या योजनेत, तोच पेपर कायमचा माफ करून घेण्याची सोय आहे. पण अट बदलते. मग उरलेल्या प्रत्येक पेपरात ५० हवेत. एकात ६५ आणि दुसऱ्यात ४८ पडले तर ग्रुप सुटत नाही. म्हणून या तीन अटेम्प्टचा एकही रिकामा घालवू नकोस. आता फायनल वर्षातून तीनदा होते, जानेवारी, मे आणि सप्टेंबरला, म्हणजे तीन अटेम्प्ट जेमतेम वर्षभराचे. आर्टिकलशिपचं (सीए फर्ममधल्या उमेदवारीचं) काम, ऑडिटचा सीझन, घरातलं लग्न, काहीही असो, फॉर्म भर.

चिपळूणचा_बाब्या
८२ चं गणित असं कुणी मांडून दाखवलं नव्हतं. फॉर्म भरतो.

कॉस्टिंग_काका
चांगली चर्चा चालली आहे. मी नाशिक पट्ट्यात कॉस्ट ऑडिट करतो. माझा मुद्दा थोडा वेगळा आहे, आणि लेजरवाली ताईंशी थोडा मतभेदही आहे.

आधी माहिती. मुलं सीएमए म्हणतात तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात. एक आपली, कोलकात्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ कॉस्ट अकाउंटंट्सची, १९५९ च्या कायद्याने चालणारी. दुसरी अमेरिकेतल्या आयएमए या संस्थेची, दोनच भागांची. एकीच्या मार्कशीटवर दुसरीतला भाग माफ होत नाही. नागपूरच्या एका मुलाने एका क्लासला भलत्याच सीएमएचे पैसे भरले होते. फी भरण्याआधी सर्टिफिकेट कुठल्या संस्थेचं मिळणार, एवढं तरी विचारा.

आता आपल्याच तीन संस्थांमधली देवाणघेवाण. सीएमए आणि सीएस (कंपनी सेक्रेटरी) यांच्यात एकमेकांचे काही पेपर माफ होतात. सीए किंवा सीएमए फायनल झालेल्याला सीएसची प्रवेश परीक्षा, म्हणजे सीएसईईटी, द्यावी लागत नाही. पण आयसीएआय दुसऱ्या संस्थेच्या पेपरवर आपला पेपर माफ करत नाही. सीएमए इंटर किंवा सीएस एक्झिक्युटिव्ह झालेल्याला सीए फाउंडेशन टळतं आणि थेट इंटरला नोंदणी मिळते. मुलं मला विचारतात, "सर, सीएमए झालंय, सीएचे किती पेपर माफ?" एकही नाही. कॉस्टिंगचा पेपरसुद्धा पुन्हा द्यायचा. हे कडू वाटतं, पण आधी माहीत असलेलं बरं.

आणि मतभेद असा, की भारतातच काम करायचं असेल तर पौंडात फी भरण्याआधी कायदा बघा. कंपनी कायदा २०१३, कलम १४१ : कंपनीचा वैधानिक ऑडिटर चार्टर्ड अकाउंटंटच. कलम १४८ : कॉस्ट ऑडिट कॉस्ट अकाउंटंटकडे. कलम २०४ : सेक्रेटेरियल ऑडिट प्रॅक्टिस करणाऱ्या कंपनी सेक्रेटरीकडे. सही करण्याचा हक्क या कलमांतून येतो. किती पेपर माफ झाले याचा त्याच्याशी संबंध नाही. अंबड, सातपूर, चाकणच्या कारखान्यात आयुष्य काढायचं असेल तर सीएबरोबर आपलं सीएमए एसीसीएपेक्षा जास्त कामाला येतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

लेजरवाली
काका, कलमांचा मुद्दा शंभर टक्के मान्य. भारतात एसीसीएच्या जोरावर ऑडिट रिपोर्टवर सही करता येत नाही, हे प्रत्येक क्लासने पहिल्याच दिवशी सांगायला हवं. पण माझ्या कामात सहीच लागत नाही. इथे पुण्यात बसून लंडनच्या पालक कंपनीचं कन्सॉलिडेशन (समूहाचे एकत्रित हिशेब) होतं, ते आयएफआरएस या आंतरराष्ट्रीय हिशेब मानकांवर. तिथले कंट्रोलर बायोडेटात एसीसीए बघतात, कारण ती परीक्षा त्यांना ठाऊक आहे. सीए ही अवघड परीक्षा आहे हे त्यांना ऐकून माहीत असतं, पण अभ्यासक्रमात काय आहे ते माहीत नसतं. म्हणून मी म्हणते की आधी नोकरी कुठली हे ठरवा, मग पेपर मोजा. चाकणच्या कारखान्यात तुमचं म्हणणं बरोबर, खराडीच्या ऑफिसात माझं.

कॉस्टिंग_काका
हे पटलं.

सई_एडिसन
यूएस सीपीएबद्दल, म्हणजे अमेरिकेतल्या सीएसारख्या पात्रतेबद्दल, सतत विचारणा होते म्हणून लिहिते. मी न्यू जर्सीत आहे, सीए होऊन इथे आले.

यूएस सीपीएच्या परीक्षेत भारतीय सीएला एकाही पेपरची माफी नाही. परदेशी अकाउंटंटसाठी आयक्यूईएक्स नावाची छोटी परीक्षा आहे, पण ती ज्यांच्याशी परस्पर मान्यतेचा करार आहे अशा देशांतल्या संस्थांच्या सदस्यांसाठी. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, आयर्लंड, मेक्सिको वगैरे. आयसीएआय त्यात नाही. तेव्हा चारही पेपर द्यायचे : ऑडिट, फायनान्शियल अकाउंटिंग आणि रेग्युलेशन हे तीन सक्तीचे आणि चौथा तीन विषयांतून निवडायचा. ही रचना जानेवारी २०२४ पासूनची. प्रत्येकात ७५ हवेत.

सीएचा उपयोग इथे निराळ्या जागी होतो. लायसन्ससाठी पारंपरिक नियम १५० क्रेडिटचा (क्रेडिट म्हणजे कॉलेजचं शिक्षण मोजायचं एकक). आपलं तीन वर्षांचं बीकॉम एकटं त्याला पुरत नाही. मूल्यांकन करणाऱ्या संस्था सीए फायनलची क्रेडिट किती धरतात, यावर परीक्षेला बसायला मिळतं की नाही ते ठरतं. राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत आणि ते बदलतही आहेत, म्हणून आधी राज्य ठरवा, मग मूल्यांकन करून घ्या. उलट क्रमाने गेलात तर मूल्यांकनाची फी दोनदा भरावी लागते. परीक्षा देण्यासाठी अमेरिकेला यायची गरज नाही. मुंबईतही केंद्र आहे.

कोणी "सीएला सीपीएत दोन पेपर माफ" असं सांगितलं तर त्याच्याकडे पैसे भरू नका.

गडहिंग्लजकर
वाचनखूण साठवली आहे. सई ताई, धन्यवाद.

आई_बारावीची
नमस्कार. मी या क्षेत्रातली नाही, म्हणून साधा प्रश्न विचारते, कृपया रागावू नका. मुलगी बारावी कॉमर्सला आहे. आमच्या शहरातल्या एका कॉलेजने बीकॉम आणि एसीसीए एकत्र असा कोर्स सुरू केलाय. फी नेहमीच्या बीकॉमच्या कितीतरी पट. माहितीपत्रकात "नऊ पेपरांची हमखास माफी" असं लिहिलंय. हे खरं असतं का?

लेजरवाली
ताई, रागवायचं काय त्यात. उलट फी भरण्याआधी विचारलंत हे फार चांगलं केलंत.

असं असू शकतं. एसीसीए काही पदवी अभ्यासक्रमांना मान्यता देते आणि त्या पदवीत शिकवलेल्या विषयांनुसार पेपर माफ करते. काही पदव्यांना नऊपर्यंत, नेहमीच्या बीकॉमला बरेच कमी. पण मान्यता त्या ठरावीक अभ्यासक्रमाला आणि ठरावीक वर्षांच्या तुकडीला असते. कॉलेजच्या नावाला नसते. शेजारच्या वर्गातल्या साध्या बीकॉमला ती लागू होईलच असं नाही. आणि पदवी पूर्ण झाल्याशिवाय पदवीच्या आधारावर काही माफ होत नाही. एक विषय राहिला तर पदवी लांबते आणि माफीही लांबते.

म्हणून तीन गोष्टी करा. एसीसीएच्या संकेतस्थळावर कॅल्क्युलेटरमध्ये देश, विद्यापीठ, अभ्यासक्रमाचं नेमकं नाव आणि मुलगी ज्या वर्षी पास होईल ते वर्ष टाकून बघा. तिथे दिसलं नाही तर कॉलेजकडून मान्यतेचं पत्र मागा, तोंडी आश्वासन नको. आणि माफीची फी कोर्सच्या फीत आली आहे की वेगळी भरायची, हे लेखी घ्या. शेवटच्या वर्षात ही रक्कम अचानक समोर आलेली घरं मी पाहिली आहेत.

अजून एक. एसीसीएने २०२७ पासून आपल्या परीक्षांची रचना बदलायचं जाहीर केलंय. तुमची मुलगी पदवी पूर्ण करेल तेव्हा "नऊ" हा आकडाच वेगळा असू शकतो. कॉलेजला हेही विचारा.

लेस्टरचा_पाहुणा
एका गोष्टीत माझं मत वेगळं आहे. बारावीच्या मुलीला नऊ पेपर माफ होत असले तरी सगळे घेऊ नयेत. एफआर, एए (ऑडिट) आणि एफएम (वित्त व्यवस्थापन) हे तीन तरी तिने एसीसीएचे म्हणून बसून द्यावेत. माफी नाकारून परीक्षा देता येते, सक्ती नाही. कॉलेजच्या परीक्षेत पाठ केलेल्या प्रश्नांवर निभावतं. एसीसीएत संगणकावर, वेळेच्या दाबात, स्प्रेडशीटमध्ये उत्तर मांडायचं असतं. ती सवय या तीन पेपरांत लागते. सीए झालेल्याची गोष्ट निराळी, त्याने आयसीएआयची फायनल सोसलेली असते.

आता ब्रिटनचं. इथे येऊन ऑडिटवर सही करायची असेल तर एसीसीएचं सदस्यत्व पुरत नाही. प्रॅक्टिसिंग सर्टिफिकेट आणि ऑडिट क्वालिफिकेशन वेगळं घ्यावं लागतं, आणि त्यासाठी मान्यताप्राप्त फर्ममधला अनुभव आणि ब्रिटनच्या कायद्याचे, कराचे पेपर बघितले जातात. भारतीय कायदा आणि भारतीय कर शिकून ते दोन पेपर माफ झालेले असतात, तिथेच अडतं. ऑडिटमध्येच राहायचा विचार असेल त्याने एएए निवडावा आणि माफीच्या अर्जाआधी संस्थेला हा प्रश्न ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवावं. आयसीएईडब्ल्यूचा, म्हणजे इंग्लंड-वेल्सच्या चार्टर्ड अकाउंटंट संस्थेचा, रस्ताही बघा. आयसीएआयचा त्यांच्याशी २००८ मध्ये करार झाला, बरेच पेपर माफ होतात, पण वरच्या पातळीचे तिथेही स्वतःच द्यावे लागतात.

एफआर_७१
मागच्या महिन्यात नऊ माफ करून घेतले, आता एसबीआर आणि एटीएक्स एकत्र देतोय. टॅक्स माझा आवडता विषय, फायनलला चांगले मार्क होते.

लेजरवाली
थांबा. फॉर्म भरला नसेल तर एटीएक्स बदला. एटीएक्समध्ये भारतीय कर नसतो. बहुतेक जण ब्रिटिश आवृत्ती देतात. त्यात इन्कम टॅक्स, कॅपिटल गेन्स, वारसा कर, कॉर्पोरेशन टॅक्स, व्हॅट, सगळं त्यांचं. त्याचा पाया टीएक्स या मधल्या पातळीवरच्या कराच्या पेपरात घातला जातो आणि तोच तुम्हाला भारतीय कराच्या जोरावर माफ झालाय. आपल्याकडे वारसा कर नाही, एस्टेट ड्युटी १९८५ लाच गेली, म्हणजे तो विषय तुम्ही पहिल्यांदा बघणार तो थेट वरच्या पातळीवर. विषयाची आवड इथे पुरत नाही.

सीए झालेल्याला मी एएफएम सुचवते. फायनलचा फायनान्शियल मॅनेजमेंट ताजा असेल तर हेजिंग, ऑप्शन्स, मूल्यांकन हे ओळखीचं असतं. दुसरा एपीएम किंवा एएए, तुमचं काम कशात आहे त्यावर.

आणि एसबीआरबद्दल मनापासून सांगते, कारण "इंड एएस येतं, मग आयएफआरएस येतंच" हा समज सगळ्यात जास्त मार्क खातो (इंड एएस म्हणजे भारतीय हिशेब मानकं). दोन्ही नव्वद टक्के सारखे वाटतात आणि परीक्षक उरलेल्यावर बोट ठेवतो. काही जागा नेमक्या बघून ठेवा. बार्गेन परचेसचा (कंपनी तिच्या मूल्यापेक्षा स्वस्तात घेतल्याचा) फायदा आयएफआरएस ३ मध्ये नफ्या-तोट्यात जातो. आपल्याकडे तो सर्वसाधारणपणे ओसीआयमधून (नफ्या-तोट्याबाहेरच्या इतर उत्पन्नातून) कॅपिटल रिझर्व्हला जातो. कॉमन कंट्रोलखालचं (एकाच मालकाच्या कंपन्यांचं) विलीनीकरण इंड एएस १०३ मध्ये परिशिष्ट देऊन पूलिंगने, म्हणजे पुस्तकी किमती तशाच एकत्र करून, करायला सांगितलंय. आयएफआरएस ३ तो व्यवहारच कक्षेबाहेर ठेवतं. इन्व्हेस्टमेंट प्रॉपर्टीला आपल्याकडे फक्त कॉस्ट मॉडेल, तिकडे फेअर व्हॅल्यूही चालतं, आणि मग फरक नफ्या-तोट्यात. कर्जाची अट वर्षअखेरीला मोडली आणि बँकेने नंतर, हिशेब मंजूर होण्याआधी, सूट दिली, तर इंड एएस १ ते कर्ज नॉन-करंट (दीर्घ मुदतीचं) ठेवू द्यायचं, पण २०२५ च्या दुरुस्तीने ती मुभा काढली. आयएएस १ मध्ये ती नव्हतीच.

या फरकांची एक वही करा. सीएचं उत्तर आपण एन्ट्री आणि आकड्यांनी संपवतो. एसबीआरमध्ये आकड्यांना मार्क थोडे आणि "संचालकांनी असं का केलं असावं, गुंतवणूकदाराला त्यातून काय कळत नाही, यात नैतिक अडचण कुठे आहे" याला बरेच. लिहायचा सराव केल्याशिवाय हा पेपर सुटत नाही. दर आठवड्याला एक जुना प्रश्न पूर्ण लिहा, वेळ लावून, आणि कुणाकडून तरी तपासून घ्या.

एफआर_७१
फॉर्म अजून भरला नव्हता. एटीएक्स काढून एएफएम घेतो. वारसा कराचं खरंच लक्षात आलं नसतं.

शेवगावची_शिल्पा
ताई, पेपर झाले की मेंबरशिप लगेच मिळते का? अनुभव वेगळा लागतो असं ऐकलंय. माझी आर्टिकलशिप दोन महिन्यांनी संपते. ती धरतात का?

लेजरवाली
लगेच नाही, शिल्पा. चार पेपर, एथिक्सचं ऑनलाइन मॉड्यूल आणि ३६ महिन्यांचा संबंधित अनुभव, तिन्ही लागतं. एथिक्सचं मॉड्यूल एसबीएलच्या आधी कर, त्या पेपरला त्याचा उपयोग होतो. एसबीएलचं प्री-सीन (प्रकरणाची माहिती) परीक्षेआधी मिळतं, ते नुसतं वाचू नकोस, त्यावर टिपणं काढ.

अनुभवात नोंदणीच्या आधीचं कामही धरतात, म्हणजे आर्टिकलशिप धरली जाऊ शकते. पण महिने मोजून भागत नाही. नऊ परफॉर्मन्स ऑब्जेक्टिव्ह (कामगिरीची उद्दिष्टं) स्वतःच्या शब्दांत, स्वतः केलेल्या कामाच्या उदाहरणांसह लिहायची आणि ज्याने ते काम बघितलं त्या पात्र अकाउंटंटने ती मंजूर करायची. तुझे प्रिन्सिपल सीए आहेत आणि आयसीएआय ही आयएफएसी या अकाउंटंट संस्थांच्या जागतिक महासंघाची सदस्य संस्था आहे, त्यामुळे ते चालतात. दुसऱ्याचं लिहिलेलं उतरवू नकोस, ते पकडलं जातं आणि शिस्तभंगाची कारवाई होते.

दोन महिने हातात आहेत, तर आत्ताच सरांशी बोल. कुठल्या क्लायंटचं ऑडिट, त्यात तू नेमकं काय केलंस, कोणती चूक सापडली, कोणता जीएसटी रिटर्न तू तयार केलास, हे वर्किंग पेपर समोर असताना लिहून काढ. क्लायंटचं नाव मात्र घालू नकोस. फर्म सोडल्यावर फायली बघता येत नाहीत आणि सरही नव्या मुलांत गुंततात. सरांचा ईमेल पत्ता फर्मचा आहे की स्वतःचा, तेही विचारून ठेव, मंजुरीची लिंक त्यावरच जाते.

शेवगावची_शिल्पा
सोमवारी बोलते सरांशी. उदाहरणं लिहून झाली की इथे कच्चा मसुदा टाकू का, बघाल?

लेजरवाली
इथे नको, क्लायंटची माहिती ओळखू येऊ शकते. काय लिहावं आणि काय वगळावं यावर काही अडलं तर इथे विचार, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल.